शिकाऊ परवाना : सहा महिन्यांचा एक वर्ग



आपल्या शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे : 'विद्यार्थ्यांनी दुचाकी वाहन आवारात आणू नये.' पाटी लागल्यापासून आवारात विद्यार्थ्यांची एकही स्कूटर दिसत नाही. सगळ्या स्कूटर मागच्या गल्लीत, कडुनिंबाच्या सावलीत उभ्या असतात. गणवेशातली मुले तिथे गाडी लावतात, आरशात पाहून केस नीट करतात आणि पायी फाटकातून आत येतात. आम्ही शिक्षक हे रोज पाहत होतो. पाटीचे पालन होते आहे एवढ्यावर समाधान मानत होतो, असेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा त्या गल्लीच्या वळणावर घसरून पडला. मागे दोन वर्गमित्र बसले होते. त्या दोघांना खरचटले, याचा हात मोडला. हजेरीपटात आम्ही लिहिले, 'पडल्यामुळे गैरहजर.' कशावरून पडला, गाडी कोणाची, किल्ली कोणी दिली, हे लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती आणि आम्हीही विचारले नाही. वडील भेटायला आले तेव्हा म्हणाले, "सर, दीड किलोमीटर तर शाळा आहे. मला वाटलं, एवढ्यात काय होणार?"

तोच मुलगा आता बारावीत आहे. परवा अठरा पूर्ण झाली म्हणून पेढे घेऊन आला आणि विचारू लागला, "सर, आता लायसन्स कुठे बनवून मिळेल?" आपल्या इंदूरच्या बोलीतला 'बनवून' हा शब्द आमच्या मनात राहिला. परवाना बनवून मिळतो, चालक बनवून मिळत नाही. त्याला जे सविस्तर सांगितले तेच सर्वांसाठी इथे मांडत आहोत.

कोणत्या वयाला कोणती गाडी?

आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. याला एक अपवाद आहे. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना चालविता येते, आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते.

या अपवादाचा घरोघरी चुकीचा अर्थ लावला जातो. 'सोळाव्या वर्षी बिनगिअरची गाडी चालते' असे अनेक पालक सांगतात. ते अर्धेच खरे आहे. गाडी बिनगिअरची तर हवीच, पण इंजिनही ५० सीसीपेक्षा मोठे नको. १९७२ साली पुण्याहून बाजारात आलेली लूना अशी होती. आज पालकांच्या पिढीत असलेल्या अनेकांनी कॉलेजचे दिवस तिच्यावर काढले. आता घराघरांत ज्या स्कूटर आहेत त्या ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, म्हणजे लूनाच्या दुपटीहून जास्त. घरच्या गाडीचे आर.सी. काढून 'क्यूबिक कपॅसिटी' या शब्दांपुढचा आकडा वाचा. तो ५० पेक्षा मोठा असेल, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी ती गाडी नाही. शिकाऊ परवानाही तिच्यासाठी मिळत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलही विचारणा होते. ज्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असते, तिला नियमांत मोटार वाहन मानलेले नाही, म्हणून तिला परवाना लागत नाही. मात्र दुकानदाराचा शब्द पुरेसा समजू नये. गाडीच्या कागदपत्रांत हे तिन्ही आकडे पाहावेत. तार जोडून किंवा तोडून तिचा वेग वाढविला की ती या सवलतीतून बाहेर पडते. रस्त्याचे नियम आणि हेल्मेट या गोष्टी परवाना न लागणाऱ्या गाडीवरही तेवढ्याच गरजेच्या आहेत.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

२०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि '१९९ अ' हे नवे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळू शकत नाही. विद्यार्थ्यांनी हा शेवटचा भाग दोनदा वाचावा. सोळाव्या वर्षी मित्रांपुढे मारलेली एक फेरी पुढची नऊ वर्षे खाऊ शकते. त्यात कॉलेज येते, पहिली नोकरीही येते.

'माझ्या नकळत घेऊन गेला' हे उत्तर सहज चालत नाही. गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे आपल्याला सिद्ध करावे लागते. ही दुरुस्ती येण्याच्या आधीही न्यायालयांची भूमिका फार वेगळी नव्हती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. नात्यातल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल नेली आणि अपघात झाला. किल्ल्या त्याने आपल्या नकळत घेतल्या, असे मालकाचे म्हणणे होते. आपल्या गाडीचा गैरवापर होणार नाही हे पाहणे मालकाचेच काम होते, असे न्यायालयाने ठरविले. भरपाई विमा कंपनीने द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करून घ्यावी, असा आदेश झाला. म्हणजे विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला असला तरी परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली की घरदार पणाला लागू शकते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. एक तरुण, एक तरुणी. दोघेही आपल्या मध्य प्रदेशातून तिथे नोकरीसाठी गेलेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच दिवशी जामीन देताना बाल न्याय मंडळाने त्याला रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले आणि त्यावरून देशभर संताप उसळला. पुढे वडिलांवरही गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही शाळावाले आहोत. निबंध लिहून घेणे हा आमचा रोजचा व्यवसाय. म्हणूनच आम्हाला वाटते की हा निबंध गाडी हातात देण्याआधी लिहून घ्यायला हवा, आणि मुलाबरोबर पालकांनीही तो लिहायला हवा.

परवाना कसा काढावा?

इंदूरचे प्रादेशिक परिवहन कार्यालय नायता मुंडला येथे आहे. शिकाऊ परवान्यासाठी मात्र तिथे जाण्याची सहसा गरज पडत नाही. २०२१ पासून मध्य प्रदेशात शिकाऊ परवान्याचा अर्ज आणि परीक्षा दोन्ही आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येतात. क्रम असा :

१. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरील 'सारथी' विभागात जाऊन मध्य प्रदेश निवडावे आणि शिकाऊ परवान्याचा अर्ज उघडावा. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असावा.

२. वाहनाचा प्रकार विचारपूर्वक निवडावा. गिअर नसलेली मोटारसायकल, गिअर असलेली मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन म्हणजे चारचाकी हे वेगवेगळे प्रकार आहेत. स्कूटर पहिल्या प्रकारात येते. जी गाडी खरोखर शिकणार आहात तोच प्रकार निवडावा.

३. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः सारखे आहे का, हे आधी पाहावे. आपल्या मराठी घरांत वडिलांचे नाव कुठे लावलेले असते, कुठे गाळलेले असते. गाडे अडते ते बहुधा इथेच.

४. प्रकृतीविषयी स्वयंघोषणा भरावी लागते. तीत एक प्रश्न असा असतो की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटवरचा क्रमांक वाचता येतो का? डोळे झाकून 'हो' लिहू नका. रस्त्यावर २५ मीटर मोजा आणि खरोखर वाचून पाहा. अडखळलात तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फळ्यावरचे दिसत नाही हे न सांगणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो, म्हणून हा आग्रह.

५. शुल्क ऑनलाइन भरावे आणि पावती जपून ठेवावी.

६. परीक्षा द्यावी. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण.

परीक्षा घरी झाल्यामुळे हेलपाटे वाचले, हे चांगले झाले. पण मोह वाढला, हेही खरे. ताई शेजारी बसून उत्तरे सांगते, बाबा माऊस हातात घेतात, नाहीतर दुकानात थोडे जास्त पैसे देऊन 'पास करवून' घेतात. सहामाही परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरे उतरविली तर फार तर आपले गुण खोटे ठरतात. इथे कॉपी केलेल्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर द्यावे लागते.

परीक्षेत काय विचारतात?

नियमानुसार चार विषय असतात : वाहतुकीची चिन्हे आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि जवळ बाळगायची कागदपत्रे.

चिन्हे पाठ करण्याआधी त्यांचे आकार ओळखा. गोल चिन्ह आज्ञा करते, त्रिकोणी चिन्ह सावध करते, चौकोनी चिन्ह माहिती देते. त्यातला तपशील विसरला तरी आकारावरून काय करायचे याचा अंदाज येतो. आता थोडा सराव. उत्तर झाकून आधी स्वतः विचार करा.

प्रश्न : लाल दिवा उघडझाप करीत आहे. काय कराल?
उत्तर : पूर्ण थांबायचे, दोन्हीकडे पाहायचे आणि रस्ता मोकळा असेल तरच निघायचे. पिवळा दिवा उघडझाप करीत असेल तर वेग कमी करून जपून जायचे.

प्रश्न : हातात पांढरी काठी घेतलेली व्यक्ती रस्ता ओलांडत आहे.
उत्तर : ती काठी म्हणजेच थांबण्याची खूण समजायची. भोंगा वाजवायचा नाही.

प्रश्न : सिमरोलच्या घाटात अरुंद चढावर समोरासमोर दोन गाड्या आल्या. आधी वाट कोणाची?
उत्तर : चढणीला येणाऱ्या गाडीची. उतरणाऱ्याने थांबायचे.

प्रश्न : मागून रुग्णवाहिका आली.
उत्तर : बाजूला होऊन तिला वाट द्यायची, आणि तिच्या मागे लागून स्वतःची वाट काढायची नाही.

प्रश्न : मानवरहित रेल्वे फाटकाशी काय कराल?
उत्तर : गाडी थांबवायची, उतरून रुळापर्यंत चालत जायचे, दोन्ही बाजूंना गाडी येत नाही याची खात्री करायची, मगच ओलांडायचे. ब्रॉडगेज मार्गावरची अशी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद करण्यात आली, तरी प्रश्न मात्र राहिला आहे. त्यातली थांबून खात्री करून घेण्याची सवय प्रत्येक आंधळ्या वळणावर उपयोगी पडते.

प्रश्न : आपल्या गाडीने अपघात झाला.
उत्तर : पळायचे नाही. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना कळवायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. अपघात दुसऱ्या कोणाचा असला तरी मदतीला घाबरू नये. सद्भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे.

खरा वर्ग इथून सुरू होतो

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि त्यासाठी मात्र गाडी घेऊन कार्यालयात जावे लागते. बहुतेक घरांत या मुदतीचा अर्थ 'तीस दिवस वाट पाहायची' असा घेतात. वाट पाहण्यासाठी ही मुदत दिलेली नाही, शिकण्यासाठी दिली आहे. तिच्या काही अटी आहेत आणि त्या फारच थोड्यांना माहीत असतात.

पहिली अट : गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर असावे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. चित्रकलेच्या तासाला आम्ही ते करवून घेऊ. या अक्षराची लाज वाटण्याचे कारण नाही. 'मी शिकतो आहे, थोडे सांभाळून घ्या' असे ते मागच्याला सांगते.

दुसरी अट : त्या प्रकारच्या गाडीचा पक्का परवाना असलेली आणि शिकविणारी व्यक्ती सोबत हवी. गरज पडताच गाडी आवरता येईल अशा जागी ती बसलेली हवी. शिकाऊ परवाना मिळाला म्हणजे एकट्याने कॉलेजला जाण्याची मुभा मिळाली, असे नाही.

तिसरी अट : दुचाकीवर शिकविणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही मागे बसवायचे नाही. मैत्रिणीला नाही, धाकट्या भावाला नाही. 'लायसन्स आहे की!' म्हणून आजीला मंदिरात सोडायला जाणारा नातू गुणी खरा, पण नियमाबाहेर.

याशिवाय परवाना, आर.सी., विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र जवळ असावे. 'डिजिलॉकर'मध्ये ठेवलेल्या प्रतीही चालतात.

हे सहा महिने कसे वापरावेत, याबद्दल आमची सूचना अशी. पहिला महिना मोकळ्या जागी, सकाळी लवकर, उदाहरणार्थ दसरा मैदानासारख्या ठिकाणी. तिथे फक्त तोल, ब्रेक आणि सावकाश आठचा आकडा. दुसरा महिना आपल्याच कॉलनीच्या गल्ल्यांत. गाय, कुत्रा, चेंडूमागे धावणारे पोर आणि अचानक उघडणारे मोटारीचे दार हे तिथले शिक्षक. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्दी नसताना मोठे रस्ते आणि सिग्नलचे चौराहे. त्यानंतर संध्याकाळ, समोरून येणारे प्रखर दिवे आणि पहिला पाऊस. जवाहर मार्ग आणि राजवाडा अगदी शेवटी. दर फेरीनंतर घरी दहा मिनिटे बसून एकाच प्रश्नावर बोलावे : आज कुठे दचकलो? 'कुठेच नाही' असे उत्तर रोज येऊ लागले, तर मुलगा तरबेज झाला असे समजू नका. तो लपवतो आहे किंवा त्याचे लक्ष नाही.

विज्ञानाचा तास रस्त्यावर

नववी-दहावीला गतीची समीकरणे शिकताना 'याचा उपयोग काय?' असे मुले विचारतात. त्याचे उत्तर इथे आहे. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, आणि ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे मानू.

ताशी २० किलोमीटर वेग असेल तर थांबायला सुमारे ९ मीटर लागतात. ताशी ४० ला सुमारे २३ मीटर. ताशी ६० ला सुमारे ४४ मीटर. आपला वर्ग ८ मीटर लांब धरला, तर साठच्या वेगाने जाणारी स्कूटर साडेपाच वर्ग पार करून थांबते. वेग दीडपट झाला की ब्रेकचे अंतर सव्वादोन पट होते, कारण समीकरणात वेगाचा वर्ग आहे. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर चाळीसलाही सुमारे ३६ मीटर लागतात.

आता पुढचे गणित करून पाहा. दोन मुले शेजारी शेजारी गाडी चालवीत आहेत, एक चाळीसने, दुसरा साठने. दोघांनाही एकाच क्षणी पुढे आजोबा रस्ता ओलांडताना दिसले. चाळीसवाला जिथे पूर्ण थांबला, त्याच जागी साठवाल्याचा वेग किती असेल? उत्तर येते ताशी सुमारे ५२ किलोमीटर. आम्ही शिक्षकांनी हे फळ्यावर सोडविले तेव्हा आमचाच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा करून पाहिले. वाचलेला वेळ किती? दीड किलोमीटरच्या शाळेच्या रस्त्यावर चाळीस आणि साठ यांत फरक पडतो तो पाऊण मिनिटाचा. तेवढ्या वेळात प्रार्थनेचे एक कडवेसुद्धा होत नाही.

मोबाइलचेही तसेच. चाळीसच्या वेगाने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर २२ मीटर आपण डोळे मिटून गेलो.

डोक्यावरचे ओझे

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे दर तासाला एकोणीस. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मरण पावले. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे. २०२५ साली १ ऑगस्टपासून इंदुरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा प्रशासनाचा आदेश निघाला होता. पंपापुरते हेल्मेट उसने घेतले तर पेट्रोल मिळते, डोके वाचत नाही. घेताना आयएसआयची खूण पाहावी, ते डोक्यावर घट्ट बसते का ते पाहावे आणि पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू नये. आई-वडील स्वतः हेल्मेट हँडलला अडकवून निघत असतील, तर मुलाला केलेला उपदेश फाटकापर्यंतही टिकत नाही.

अडचण खरी आहे

यावर पालक काय म्हणतील, ते आम्हाला माहीत आहे, कारण आम्हीही पालक आहोत. शाळा दोनला सुटते, साडेतीनला भंवरकुआं नाहीतर गीता भवनला शिकवणी, दोघेही नोकरीवर. मुलीला रिक्शात एकटी पाठविण्याची धास्ती वाटते. गाडी दिली नाही तर मुलाने जायचे कसे? हा प्रश्न लाडाचा नाही, गरजेचा आहे. नुसती पाटी लावून तो सुटला नाही. गाड्या मागच्या गल्लीत गेल्या, एवढेच झाले.

म्हणून पालकांना सुचवितो की एकाच भागातल्या चार-पाच घरांनी मिळून आळीपाळीने मुले सोडावीत-आणावीत. शिकवणीची निवड करताना फी आणि निकाल विचारतो तसा सिटी बसचा मार्गही विचारावा. जिथे रस्ता बरा आहे तिथे सायकल द्यावी. ज्याने सायकलवर डावी बाजू, हात दाखवून वळणे आणि मागे पाहणे शिकले, त्याला स्कूटर अर्धी आलेली असते.

विश्वस्त मंडळाला आमच्या तीन विनंत्या आहेत. आवारात छपराचा सायकल स्टँड करावा. अकरावी-बारावीसाठी वर्षातून एक दिवस परवान्याची कार्यशाळा ठेवावी आणि तिला पालकांची उपस्थिती सक्तीची करावी. आणि फाटकावरची पाटी बदलावी. 'विद्यार्थ्यांनी आणू नये' याऐवजी 'परवाना दाखवा, गाडी आत लावा' असे तिच्यावर लिहावे. म्हणजे अठरा पूर्ण करून रीतसर पक्का परवाना काढणाऱ्याला मान मिळेल, आणि मागची गल्ली कोणासाठी आहे हे सर्वांना उघड दिसेल. त्या गल्लीत रोज एक शिक्षक उभा राहील, ही जबाबदारी आम्ही घेतो. हे आम्ही आधीच करायला हवे होते.

तो बारावीतला मुलगा सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे सर, बाबांना सहा महिने माझ्या मागे बसावं लागेल?" आम्ही म्हटले, हो. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "त्यांना वेळ मिळेल का, विचारतो."

पालकहो, या महिन्याचा स्वाध्याय तुम्हाला आहे. मुलाने विचारले, तर वेळ काढा.